घरचं मैदान आणि खेळाडूचं रेटिंग: बेसबॉल गेममध्ये खरा हिशेब कसा लावायचा

दान्ते बिशेटने १९९५ साली ४० होम रन मारले. त्यातले ३१ घरच्या मैदानावर आणि ९ बाहेर. दोन वर्षांनी त्याच संघातल्या लॅरी वॉकरने ४९ मारले, २० घरी आणि २९ बाहेर. संघ एकच, कोलोरॅडो रॉकीज. मैदानही एकच, डेन्व्हरचं कूर्स फील्ड. आता कॉम्प्युटरवर जुन्या खेळाडूंची लीग उघडून बसा. ट्रेडच्या खिडकीत दोघांचं पॉवर रेटिंग शेजारी शेजारी दिसतं आणि फरक जेमतेम असतो. वॉकर महाग पडतो, म्हणून तुम्ही बिशेट घेता. तुमचा संघ ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये खेळतो, जिथे चेंडू मारला की उशी मारल्यासारखा खाली येतो. पुढचं काय ते सांगायला नको.

रेटिंग वाचताना घरचं मैदान कसं वजा करायचं, कुठे मुळीच करायचं नाही आणि गेमने ते आधीच केलंय का हे कसं ओळखायचं, त्याची ही कृती. आउट ऑफ द पार्क बेसबॉलसारखा आकडेवारीचा गेम, स्ट्रॅट-ओ-मॅटिक किंवा एमएलबी द शोमधला फ्रँचायझी मोड, यांपैकी काहीही खेळत असाल तर ती उपयोगी पडेल. होम रन, डबल, पिचर एवढे शब्द ओळखीचे आहेत असं धरून चालतो.

आधी मैदानाबद्दल थोडं

क्रिकेटवाल्या माणसाला ही गोष्ट खरं तर पटकन कळते. चिन्नास्वामीवरचा षटकार आणि चेपॉकवरचा षटकार आपण एका तराजूत तोलत नाही. बेसबॉलमध्ये हा फरक जास्त पक्का असतो, कारण क्रिकेटची दोरी सामन्यागणिक आतबाहेर होते, बेसबॉलची भिंत मात्र सहसा वर्षानुवर्षं जागची हलत नाही. आतला चौकोन सगळीकडे सारखा. दोन बेसमध्ये ९० फूट, पिचरपासून बॅटरपर्यंत ६० फूट ६ इंच. त्यापुढचं मैदान प्रत्येक शहराने आपापल्या जागेप्रमाणे, रस्त्याच्या वळणाप्रमाणे, कधी निव्वळ हौसेने आखलं.

कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५२०० फुटांवर आहे, म्हणजे जवळजवळ एक मैल. वरच्या गॅलरीत बरोबर एक मैल, म्हणजे ५२८० फूट उंचीवरच्या खुर्च्यांची एक रांग जांभळी रंगवलेली आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा साधारण १८ टक्के विरळ असते. त्यामुळे जो फटका बॉस्टनमध्ये ४०० फूट गेला असता, तो डेन्व्हरमध्ये अंदाजे ४२० फूट जातो. हे माहीत असल्यानेच बांधणाऱ्यांनी भिंती लांब नेल्या: डावीकडे ३४७ फूट, मधोमध ४१५, उजवीकडे ३५०. होम रन थोडे आवरले, पण आउटफिल्ड इतकं पसरलं की फील्डरच्या मधून चेंडू पडायला रान मोकळं झालं. सिंगल, डबल, ट्रिपल सगळंच वाढलं. वर विरळ हवेत कर्व्हबॉल नीट वळत नाही, म्हणून स्ट्राइकआउट कमी होतात. कूर्स बॅटरला एका नव्हे, चार-पाच दारांनी मदत करतं. रेटिंगचा घोळ इथूनच सुरू होतो.

१९९५ च्या एप्रिलमध्ये मैदानाचं उद्घाटन झालं, तो पहिलाच सामना चौदाव्या डावापर्यंत लांबला आणि ११-९ ने संपला. तो संपवणारा होम रन बिशेटचाच.

पहिली पायरी: तुमच्या गेममध्ये मैदान नेमकं कुठे बसलंय ते शोधा

गेम दोन जातीचे. एका जातीत चेंडू खरोखर उडतो. एमएलबी द शोमध्ये तुम्ही स्वतः बॅट फिरवता, चेंडूचा वेग आणि कोन ठरतो, हवेची घनता मोजली जाते, भिंत आडवी येते किंवा येत नाही. इथे मैदानाचा परिणाम आपसूक होतो. स्टेडियम क्रिएटरमध्ये उंचीवरचं मैदान बनवलंत की साधा फ्लायबॉलही प्रेक्षकांत जाऊन पडतो.

दुसऱ्या जातीत चेंडू उडत नाही, फासा पडतो. आउट ऑफ द पार्कमध्ये प्रत्येक मैदानाला आकडे दिलेले असतात: बॅटिंग सरासरीसाठी एक, डबलसाठी एक, ट्रिपलसाठी एक, होम रनसाठी एक. सरासरी आणि होम रनचे आकडे डावखुऱ्या आणि उजव्या बॅटरसाठी वेगळे असतात. १.००० म्हणजे साधं मैदान. १.२०० म्हणजे तिथे ती गोष्ट २० टक्के जास्त घडते. पडद्यावर चेंडू भिंतीवरून जाताना दिसतो ते निकाल ठरल्यानंतरचं चित्र असतं. भिंतीची सजावट बघून भुलू नका, आकडे बघा.

स्ट्रॅट-ओ-मॅटिक १९६१ पासून चालत आलेला पत्त्यांचा खेळ, पण त्याची युक्ती मला अजून सगळ्यात प्रामाणिक वाटते. बॅटरच्या पत्त्यावर काही होम रन सरळ छापलेले असतात, ते कुठल्याही मैदानावर होम रनच. काही जागी फक्त एक खूण असते. ती आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्या मैदानाचा आकडा बघायचा. आकड्याच्या आत पडला तर होम रन, नाहीतर झेल. त्या माणसाचं स्वतःचं किती आणि मैदानाचं किती, हे पत्त्यावरच उघड दिसतं. कॉम्प्युटरवरच्या बऱ्याच गेममध्ये हीच गोष्ट पोटात दडलेली असते आणि ती आपल्याला उकरून काढावी लागते.

दुसरी पायरी: पार्क फॅक्टर हाताने एकदा तरी काढा

पार्क फॅक्टर म्हणजे मैदान बॅटरला किती मदत करतं त्याचा आकडा. एखाद्या मैदानावर खूप रन होतात यावरून मैदान सोपं ठरत नाही, कारण घरचा संघच दांडगा असू शकतो. म्हणून युक्ती अशी: त्याच संघाचे घरचे सामने आणि त्याच संघाचे बाहेरचे सामने यांची तुलना करायची, आणि दोन्हीकडे *दोन्ही संघांचे* रन मोजायचे. संघ तोच, पिचर तेच, बदललं फक्त मैदान.

समजा एका संघाच्या ८१ घरच्या सामन्यांत दोन्ही संघांचे मिळून ९७२ रन झाले, म्हणजे सामन्याला १२. बाहेरच्या ८१ सामन्यांत ७२९, म्हणजे सामन्याला ९. बारा भागिले नऊ, १.३३. हा त्या मैदानाचा रनचा फॅक्टर. होम रनसाठी, डबलसाठी हेच गणित त्या-त्या आकड्यावर करायचं.

दोन्ही संघ मोजण्याचं आणखी एक कारण आहे, ते अनेकांच्या ध्यानात येत नाही. बेसबॉलमध्ये घरचा संघ साधारण ५४ टक्के सामने जिंकतो, मग मैदान कुठलंही असो. स्वतःचं घर, स्वतःची झोप, शेवटची बॅटिंग. म्हणजे बहुतेक बॅटर घरी थोडे बरे खेळतातच. नुसते एका खेळाडूचे घरचे आणि बाहेरचे आकडे ताडून पाहिले तर हा घरचेपणाही मैदानाच्या खात्यावर पडतो.

एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नका. तीन वर्षांची सरासरी घ्या. वारा, उन्हाळा, एखाद्या वर्षी आलेले तीन लेचेपेचे पिचर, या सगळ्याने एका हंगामाचा फॅक्टर सहज दहा टक्के इकडेतिकडे होतो.

तिसरी पायरी: अर्धा करा, पण कुठे ते समजून करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

खेळाडू हंगामात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१ घरी. मैदानाचा १.३३ चा परिणाम त्याच्या अर्ध्याच सामन्यांवर झाला. तेव्हा त्याच्या *पूर्ण हंगामाच्या* आकड्यांवर चालवायचा फॅक्टर म्हणजे १.३३ आणि १.०० यांची सरासरी, १.१७ च्या आसपास. पण तुम्ही गेममध्ये *मैदानाची खिडकी* उघडून आकडा भरत असाल, तर तिथे पूर्ण १.३३ भरायचा. गेम तो आकडा फक्त त्या मैदानावरच्या सामन्यांनाच लावतो, अर्धं करायचं काम वेळापत्रक आपोआप करतं.

थोडक्यात, मैदानाला पूर्ण आणि खेळाडूला अर्धा.

आता गंमत अशी की इंटरनेटवर मिळणारे आकडेही दोन प्रकारचे असतात. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटच्या तक्त्यातले फॅक्टर आधीच अर्धे केलेले असतात, खेळाडूच्या हंगामाला थेट लावण्यासाठी. बेसबॉल सॅव्हंट या दुसऱ्या साइटवरचे पूर्ण असतात. फॅनग्राफ्सचा आकडा उचलून गेमच्या मैदानात भरलात तर कूर्स फील्ड अचानक शहाण्यासारखं वागायला लागतं आणि आपल्याला वाटतं गेमच बिघडलाय. सॅव्हंटचा आकडा खेळाडूला लावलात तर त्याचं रेटिंग निष्कारण रक्तबंबाळ होतं. आकडा कुठून आणला तो कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची सवय लावा.

चौथी पायरी: दुहेरी मोजणी पकडा

गेम बनवणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, खेळाडूची कच्ची आकडेवारी घेऊन सरळ रेटिंग बनवायचं. दोन, आधी मैदान वजा करून मग बनवायचं. आणि यांपैकी कोणत्याही वाटेने गेलं तरी सामना सुरू झाल्यावर मैदानाचा फॅक्टर चालू असतोच. कच्च्या रेटिंगवर परत मैदान चढलं की कूर्सचा फायदा दोनदा मोजला जातो. आउट ऑफ द पार्कमध्ये ऐतिहासिक लीग सुरू करताना न्यूट्रलाइज्ड, म्हणजे मैदान वजा केलेली, आकडेवारी घ्यायची सोय आहे, ती याचसाठी. पण आपण कोणता पर्याय निवडला होता हे चौथ्या हंगामात कोणाला आठवतंय?

मी एकदा उलटी चूक केली. रात्री दोनपर्यंत जागून एका जुन्या लीगमधल्या सगळ्या रॉकीजच्या बॅटरची रेटिंग हाताने खाली आणली. गेमने ते काम आधीच करून ठेवलं होतं. परिणाम असा झाला की डेन्व्हरचा संघ डेन्व्हरमध्येच उपाशी मेला. पिचरांची मजा झाली आणि माझे दोन आठवडे गेले.

त्यापेक्षा अर्ध्या तासाची चाचणी बरी. लीगच्या फाइलची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका. दुखापती बंद करा, खेळाडूंची वाढ आणि वय होणं बंद करा. बिशेटच्या संघाचं मैदान सगळीकडे १.००० करा आणि तोच एक हंगाम वीस वेळा चालवा. मग मैदान परत कूर्सचं करा आणि पुन्हा वीस वेळा चालवा. दोन्ही सरासऱ्या लिहा.

वीसच का? ४० होम रनच्या माणसाच्या आकड्यात निव्वळ नशिबाने साधारण सहाचा चढउतार येतो, म्हणजे एखाद्या वर्षी ३४, एखाद्या वर्षी ४६, आणि माणूस तोच. वीस हंगामांच्या सरासरीत ही थरथर दीडच्या खाली येते. एका हंगामावरून कुणी गेमवर टीका करत असेल तर त्याचं ऐकून सोडून द्या.

आता वाचन. सोयीसाठी समजा की त्या मैदानाचा होम रनचा पूर्ण फॅक्टर १.४० आहे, म्हणजे खेळाडूसाठी १.२०. साध्या मैदानावर बिशेटची सरासरी ४० च्या जवळ आली आणि कूर्सवर ४८, तर रेटिंग कच्चं आहे. दुहेरी मोजणी चालली आहे. साध्या मैदानावर ३३ आणि कूर्सवर ४० आली, तर गेमने आपलं काम केलंय आणि तुम्ही हात बांधून बसायचं. दोन्हीकडे सारखीच आली, तर मैदानाचे फॅक्टर बंद आहेत किंवा तुम्ही झटपट निकालाचा असा मोड वापरताय जिथे मैदान मोजलंच जात नाही.

पाचवी पायरी: माणूस बघून फॅक्टर लावा

समजा रेटिंग कच्चं निघालं. आता ४० भागिले १.२०, ३३ होम रनच्या हिशेबाने बिशेटचं पॉवर खाली आणायचं. वॉकरचं ४९ भागिले १.२०, ४१.

पण वॉकरने तर बाहेर २९ मारले होते. डेन्व्हरने त्याला काही दिलं असेल तर ते होम रनमध्ये नाही. त्याच्या खात्यातून आठ होम रन कापणं म्हणजे शेजाऱ्याच्या उधारीसाठी त्याला पकडणं. उलट बिशेटला ३३ वर सोडणं त्याच्यावर मेहेरबानी आहे, कारण त्याचा बाहेरचा वेग दुप्पट केला तर हंगामाला १८ च भरतात.

मग सरळ बाहेरचे आकडे दुप्पट करून का टाकू नयेत? दोन कारणं. अर्ध्या हंगामाचा आकडा फार चंचल असतो. आणि रॉकीजच्या बॅटरना बाहेर एक वेगळाच त्रास होतो. आठवडाभर डेन्व्हरच्या विरळ हवेत कमी वळणारे चेंडू बघायचे आणि मग लॉस एंजेलिसला उतरून तोच कर्व्हबॉल बोटभर जास्त वळताना बघायचा. डोळ्याला सवय लागेपर्यंत दौरा संपतो. त्यामुळे त्यांचे बाहेरचे आकडे त्यांच्या खऱ्या कुवतीपेक्षा थोडे खालीच असतात.

माझा अंदाजपंचे नियम असा: तीन हिस्से फॅक्टरचे, एक हिस्सा त्या माणसाच्या स्वतःच्या बाहेरच्या आकड्याचा. बिशेटसाठी ३३ चे तीन हिस्से आणि १८ चा एक, उत्तर २९. वॉकरसाठी ४१ चे तीन हिस्से आणि ५८ चा एक, उत्तर ४५. कच्च्या आकड्यांत दोघांमध्ये ९ चं अंतर होतं, आता १६ चं झालं. यात शास्त्र थोडं आणि अनुभव जास्त आहे. पाच-सहा वर्षांचे स्प्लिट्स, म्हणजे घरचे आणि बाहेरचे वेगवेगळे आकडे, हाताशी असतील तर त्यांचा हिस्सा बिनधास्त वाढवा.

(१९९५ चा हंगाम संपामुळे १४४ सामन्यांचा होता, ही गोष्ट रेटिंगच्या गणितात आड येत नाही. गेम दर बॅटिंगमागे हिशेब करतो.)

सगळ्यात नाट्यमय जोडी मात्र जुनी आहे. मेल ऑट न्यूयॉर्क जायंट्सचा, जो डिमॅजिओ न्यूयॉर्क यांकीजचा. दोघांची मैदानं हार्लेम नदीच्या दोन काठांवर. पोलो ग्राउंड्सवर उजवी भिंत जेमतेम २५८ फुटांवर, आणि मधली मात्र ४८३ फुटांवर, म्हणजे मैदान कसलं, बोळच. ऑट डावखुरा, चेंडू उजवीकडे ओढणारा. त्याचे कारकिर्दीतले ५११ होम रन, पैकी ३२३ घरी आणि १८८ बाहेर. पलीकडच्या काठावर यांकी स्टेडियममध्ये डावी-मधली भिंत ४५७ फुटांवर, आणि उजव्या हाताच्या डिमॅजिओचे सगळे खणखणीत फटके नेमके तिकडेच. त्याचे ३६१, पैकी १४८ घरी आणि २१३ बाहेर. बाहेरचे दुप्पट करा: ऑट ३७६, डिमॅजिओ ४२६. तेही डिमॅजिओ १३ च हंगाम खेळला आणि ऑट २२.

ऑटबद्दल एक पुरवणी. घराबाहेर त्याची बॅटिंग सरासरी घरच्यापेक्षा बरी होती. घरी तो त्या जवळच्या भिंतीसाठी स्विंग लावत होता, बाहेर मोकळा खेळत होता. तेव्हा त्याचं पॉवर कापताना कॉन्टॅक्ट (चेंडू बॅटवर नीट घेण्याचं रेटिंग) एक-दोन घरं वर न्या. खेळाडू मैदानाप्रमाणे स्वतःला वळवतो, आणि भिंत काढून घेतली की तो जुन्या जागी उभा राहत नाही. हे कुठलाही फॅक्टर सांगत नाही.

सहावी पायरी: कोणतं रेटिंग आणि कोणता हात

“हे मैदान बॅटरचं” एवढं म्हणून भागत नाही. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं. डावीकडची भिंत ३१० फुटांवर, पण ३७ फूट उंच. इतरत्र झेल होणारा उंच फटका तिथे भिंतीवर आपटून डबल होतो आणि इतरत्र होम रन होणारा सपाट फटकाही भिंतीवरच आपटून डबलच होतो. म्हणजे फेनवेच्या बॅटरचं होम रन पॉवर कापण्यात अर्थ नाही, कापायचं तर गॅप पॉवर (डबल-ट्रिपलची ताकद) आणि थोडं कॉन्टॅक्ट. वेड बॉग्ज डावखुरा, तरी चेंडू शांतपणे उलट्या दिशेला, त्या भिंतीवर मारायचा. फेनवेवर त्याची सरासरी .३६९, कारकिर्दीची .३२८. पुढे यांकीजकडे गेल्यावर १९९४ साली त्याने .३४२ मारले, म्हणजे भिंत नसली तरी माणूस ढिला नव्हता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर उजवीकडचा कोपरा ३०९ फुटांवर दिसतो आणि डावखुऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण तिथली भिंत २४ फुटांची आहे, पुढे उजवी-मधली बाजू एकदम खोल जाते, आणि खाडीवरून थंड, जड हवा येते. डावखुऱ्यांचे होम रन तिथे मरतात आणि ट्रिपल जन्मतात. अपवाद बॅरी बाँड्स: २००१ च्या ७३ पैकी ३७ घरी, ३६ बाहेर. “मैदान अवघड होतं” म्हणून बाँड्सचं पॉवर आणखी वाढवायचा मोह होतो. आवरा. ज्याचे फटके भिंतीच्या कितीतरी वरून जातात, त्याला भिंत लागत नाही. कुंपणाजवळ पडणाऱ्या फटक्यांच्या माणसांनाच मैदान बनवतं किंवा बिघडवतं.

डीजे लमेह्यूची गोष्ट फ्रँचायझी मोडवाल्यांनी लक्षात ठेवावी. २०१६ मध्ये रॉकीजकडून .३४८ मारून बॅटिंगचा किताब जिंकला, आणि सगळे म्हणाले कूर्सची कृपा. २०१९ मध्ये यांकीजकडे गेला आणि .३२७ सह २६ होम रन मारले, त्याआधी कधीच १५ च्या वर गेला नव्हता. २०२० मध्ये .३६४ आणि पुन्हा किताब. तो उजव्या हाताचा, पण फटके उजवीकडे मारणारा, आणि यांकी स्टेडियमची उजवी भिंत ३१४ फुटांवर. एक मैदान सुटलं तेव्हा दुसरं त्याच्या मापाचं मिळालं. खेळाडू विकत घेताना जुनं मैदान वजा करून थांबू नका, नवं मैदान त्याच्या हाताला आणि दिशेला बसतं का तेही बघा.

सातवी पायरी: पिचर आणि फील्डर

पिचरसाठी सगळं उलटं. माइक हॅम्प्टनने २००० साली मेट्सकडून ३.१४ चा इआरए (दर नऊ डावांमागे पिचरच्या नावावर चढलेले रन) दिला, आणि रॉकीजनी त्याच्याशी आठ वर्षांचा १२ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. पहिल्या वर्षी ५.४१, दुसऱ्या वर्षी ६.१५. मग २००३ मध्ये अटलांटाला गेला आणि ३.८४. दुसऱ्या टोकाला सँडी कोफॅक्स: डॉजर स्टेडियमवर ५७ जिंकले, १५ हरले, इआरए १.३७.

रेटिंग बदलताना मात्र इआरएला हात घालू नका, तुकड्यांना घाला. होम रनचा फॅक्टर आउट ऑफ द पार्कच्या मूव्हमेंट या रेटिंगमध्ये जातो, द शोमध्ये दर नऊ डावांमागच्या होम रनच्या रेटिंगमध्ये. हिट्सचा फॅक्टर हिट्सच्या रेटिंगमध्ये. स्टफ, म्हणजे स्ट्राइकआउटची ताकद, फक्त डेन्व्हरसारख्या उंचीवरच्या पिचरची थोडी वर न्यायची, बाकी मैदानांवर सोडून द्या. कंट्रोलला अजिबात शिवू नका. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर बॅटरला मिळणारा फुकटचा बेस) भिंतीला विचारून होत नाही.

फील्डरमध्ये एकच ठिकाण खरं त्रासाचं, फेनवेचं लेफ्ट फील्ड. कुणालाच झेलता येणार नाहीत असे भिंतीवरचे चेंडू जुन्या मोजणीत फील्डरच्या नावावर चढतात आणि त्याची रेंज आहे त्याहून वाईट दिसते. बॉस्टनचा मॅनी रामिरेझ काही चपळ फील्डर नव्हता, पण त्याचे आकडे जितके भयानक दिसतात तितका त्याचा दोष नव्हता. रेटिंग एक घर वर न्या, जास्त नको.

आठवी पायरी: वर्ष तपासा

मैदानाचं नाव तेच राहतं आणि मैदान बदलतं. १९९९ मध्ये कूर्स फील्डवर एकाच हंगामात ३०३ होम रन झाले. २००२ पासून तिथे चेंडू दमट कपाटात, ठरावीक ओलाव्यात ठेवायला लागले आणि तो धुमाकूळ ओसरला. २०२२ पासून सगळ्याच ३० मैदानांवर तशी कपाटं आहेत. सॅन डिएगोने २०१३ मध्ये भिंती आत घेतल्या. बाल्टिमोरने २०२२ मध्ये डावी भिंत मागे नेली आणि ७ फुटांची जवळपास १३ फूट उंच केली, मग २०२५ मध्ये तिचा काही भाग परत आत आणला.

तेव्हा तीन वर्षांची सरासरी घेताना ती तीन वर्षं एकाच मैदानाची आहेत ना ते बघा. बाल्टिमोरची २०२१, २०२२ आणि २०२३ यांची सरासरी म्हणजे कधीच नसलेल्या मैदानाचा फॅक्टर. अशा वेळी एकाच वर्षाचा आकडा घ्या आणि तो १.०० कडे अर्धा ओढा. ऐतिहासिक लीग पुढे पुढे चालवत असाल तर गेम दर वर्षी मैदानाचे आकडे बदलतोय की पहिल्या वर्षाचेच धरून बसलाय, हेही एकदा उघडून पाहा. १९९८ चं कूर्स घेऊन २०१० मध्ये खेळणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते आपल्या पिचिंग कोचला शिव्या देत असतात.

हे सगळं झालं की बदललेली रेटिंग लगेच लीगमध्ये चढवू नका. आउट ऑफ द पार्कमध्ये कॉम्प्युटरचे मॅनेजर खेळाडूचं मोल करताना रेटिंगला किती आणि मागच्या आकडेवारीला किती वजन देतात, हे सेटिंगमध्ये दिसतं. आकडेवारीचं वजन जास्त ठेवलेलं असेल तर तुमच्या वहीत बिशेट २९ चा असतो आणि त्यांच्या डोळ्यांत अजून ४० चा. ट्रेडची खिडकी बंद व्हायच्या आत एक फेरी मारून या.